भाऊबीजेचा गुरुवार

अंजनगावच्या आठवडी बाजारात वामनराव ज्या जागेवर बसायचे, तिथं आता त्यांची बायको मैनाबाई बसते आणि वामनराव मागं पोत्यांजवळ बसतात. हा बदल गाजरगवतामुळं झाला. वामनरावांच्या मळ्यातला सांबार, म्हणजे तिकडं पुण्यामुंबईत ज्याला कोथिंबीर म्हणतात तो, मोठा वासाचा. जुड्या ते स्वतः बांधायचे. पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, डावा त्याच्या मागोमाग निघाला, आणि एका बाजारी त्यांनी चांगल्या मूठभर जाड जुड्या बांधल्या त्या अर्ध्या गाजरगवताच्या. एक गिऱ्हाईक बाई सांजच्याला परत आली. भांडली नाही, काही नाही. जुडी पोत्यावर ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, हे आमच्या बकरीनं बी नाही खाल्लं." आजूबाजूचे सगळे हसले. मैनाबाईनं तराजू आपल्याकडं ओढून घेतला.

तेव्हापासून वामनरावांच्या मनात एकच गोष्ट होती. डोळा करून घ्यायचा आणि पुन्हा तराजूमागं बसायचं.

डोळा गेल्या वर्षीच व्हायचा होता. दिवाळी झाल्यावरची तारीख मिळाली होती. अकोल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले, बोटाला सुई टोचली, आणि मशीनवर जो आकडा आला तो त्या नर्सबाईनं दुसऱ्या नर्सबाईला बोलावून दाखवला. एवढी साखर असताना डोळ्याला हात लावता येत नाही, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणजे नातीच्या वयाची पोर. पण बोलली मोठ्यासारखी. "काका, सणाचं खाऊच नका असं मी म्हणत नाही. थोडं खा, सावकाश खा, ताटात काय आहे ते बघून खा."

"बाई, दिसलं असतं तर तुमच्यापाशी कायले आलो असतो?" वामनराव म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसली, पण ऑपरेशन काही केलं नाही.

साखर कुठून आली हे वामनरावांना ठाऊक होतं. ती तीन गावांहून आली होती. थोरली बहीण पार्बताबाई दर्यापुरात, मधली गोदाबाई अकोल्यात आणि धाकटी भागीरथा बार्शीटाकळीत. एकाच रस्त्यावर तीन बहिणी दिल्या, त्याचा बापाला मोठा अभिमान होता. लेकाच्या पोटाचं काय होईल ते बापानं पाहिलं नाही. भाऊबीजेला सकाळी निघायचं, तिघींकडं ओवाळून घ्यायचं, तिघींकडं पाटावर बसून जेवायचं, आणि रात्री भागीरथेकडं मुक्काम. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिघी बहिणी एकमेकींना फोन करत. "तुयाकडे किती करंज्या खाल्ल्या वं भाऊनं?" जिच्याकडं कमी खाल्ल्या, ती पुढं संक्रांतीपर्यंत वामनरावांशी तोलून मापून बोलायची. म्हणून वामनराव तिन्ही ठिकाणी सारखं खात, आणि सारखं म्हणजे भरपूर.

गेल्या वर्षी त्यांनी पार्बताबाईंना साखरेचं सांगून पाहिलं होतं. पार्बताबाईंनी लाडवाचं ताट खाली न ठेवताच निकाल दिला होता. "भाऊबीजेची साखर अंगाले लागत नाही. ओवाळल्यावरची असते ते." वामनरावांनी चार लाडू खाल्ले. मग दवाखान्यातून परत आल्यावर पार्बताबाईंचा फोन आला, डोळ्याचं काय झालं म्हणून, तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर सुटीवर होते." आपल्या लाडवानं भावाचा डोळा अडला हे बहिणीला कशाला कळवायचं?

यंदाही तारीख भाऊबीजेनंतरच्याच सोमवारची मिळाली. मैनाबाई निघताना फाटकापर्यंत आली. "यंदा बी डोळा न करता परत आले ना, तर मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "फक्त बाजारात तुमची पोत्याजवळची जागा बी भाड्यानं देऊन टाकीन."

वामनराव जीपमध्ये बसले. जीपमध्ये खच्चून माणसं, सगळ्यांच्या मांडीवर डबे आणि पिशव्या, सगळ्या गाडीला तळणाचा वास. आणि त्या वासात वामनरावांना युक्ती सुचली. भाऊबीज यंदा गुरुवारी आली होती. गुरुवार म्हणजे शेगावच्या गजानन महाराजांचा वार. आपल्याला उपास आहे म्हणून सांगायचं. पार्बताबाईंपुढं डॉक्टरचं चालत नाही, पण महाराजांपुढं पार्बताबाईंचं चालत नाही. वामनराव एवढे खूश झाले की शेजारच्या माणसानं सरकून बसायला सांगितलं तर खरोखर सरकून बसले.

दर्यापुरात पार्बताबाईंनी ओवाळलं, टिळा लावला आणि ताट पुढं केलं.

"बाई," वामनराव म्हणाले, "मले उपास हाये. गुरुवार धरले मी."

पार्बताबाई थांबल्या. साठीच्या घरातला हा भाऊ, उभ्या जन्मात त्यानं एकादशीसुद्धा धरली नव्हती. लहानपणी तर चतुर्थीला चंद्र निघायच्या आधी मोदक घेऊन पळाला होता. त्यांचे डोळे भरून आले.

"महाराजांनी बुद्धी देल्ली रे बाप्पा तुले!" त्या म्हणाल्या, आणि ताट उचलून आत नेलं.

वामनरावांनी मनातल्या मनात हात जोडले. साखर आली तशी दारातून परत गेली होती. आता एक केळं द्यावं लागेल, ते अर्धं खाऊ, असा त्यांनी हिशोब केला. आतून पार्बताबाईंचा आवाज आला. "वामन, बस जराशीक. उपाशी पाठवीन का मी तुले?"

मग आतून शेंगदाणे कुटल्याचा आवाज आला. मग फोडणीचा. मग कशात तरी साखर टाकल्याचा, तो आवाज तर वामनरावांना आता झोपेतही ओळखू येत होता.

ताट आलं. साबुदाण्याची उसळ, वर तुपाची धार. रताळ्याच्या पाकातल्या चकत्या. राजगिऱ्याचे लाडू. दोन केळी. एका वाटीत साखर घातलेलं दही, "उसळीसंग पाह्यजे" म्हणून.

"बाई, उपासाले एवढं?"

"उपासालेच तं. दिवसभराचं काढाचं हाये. नायतं चक्कर येऊन पडशील जीपमधून." त्यांनी रताळ्याची आणखी एक चकती ठेवली. "जेवणात नाही म्हणता येते, वामन. उपासाले नाही म्हणता येत नाही. महाराजांचा हाये."

वामनरावांनी खाल्लं. महाराजांचं नाव त्यांनीच काढलं होतं.

अकोल्याच्या गाडीत बसताना त्यांना वाटलं, एक वेळ झालं ते झालं. गोदाबाईकडं सांगू की फराळ झाला, आता काहीच नको. पण ते अकोल्याला पोचायच्या आधीच त्यांचा उपास अकोल्याला पोचला होता. पार्बताबाईंनी फोन केला होता. गोदाबाई दारातच उभ्या होत्या.

"भाऊ, बाईनं सांगतलं! मी म्हणलं, मायं बी सगळं बदलून टाकतो. पुन्हा चूल पेटवली बापा." खरं म्हणजे गॅस होता, पण असल्या वेळी चूलच म्हणतात. "बाईकडे काय होतं रे?"

"उसळ," वामनराव म्हणाले.

"उसळच? बस?" गोदाबाईंच्या तोंडावर समाधान आलं. "मी भगर केली. शेंगदाण्याची आमटी केली. अन् शिंगाड्याचा शिरा केला, तुपातला. बाईले शिरा जमत नाही, गुठळ्या होतात."

वामनराव पाटावर बसले. पोटात साबुदाणा अजून बसायला जागा शोधत होता. त्यावर भगर आली, भगरीवर आमटी, आणि वाटीनं शिरा. गोदाबाईंनी पंख्याचा वेग वाढवला आणि समोर बसल्या. "कसा झाला?"

"चांगला," वामनराव म्हणाले. ते सगळ्यालाच चांगलं म्हणत.

"मंग अजून घे."

हा चांगल्याचा अर्थ त्यांना आतापर्यंत समजायला हवा होता.

बार्शीटाकळीच्या बसमध्ये वामनराव खिडकीशी बसले होते आणि श्वास अर्धाच घेत होते. बाहेर कपाशी फुटलेली असावी, कारण पांढरं पांढरं काहीतरी मागं जात होतं. तेवढंच दिसत होतं. आता त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. गुरुवारचा उपास सांजच्याला सुटतो. सुटतो तेव्हा गोडाधोडाचं जेवण करून सुटतो. आणि ज्या घरी सुटतो, त्या घराला मान. म्हणजे आज भागीरथेला तो मान मिळणार, दोघी थोरल्यांच्या नाकावर टिच्चून. भागीरथा काय करून ठेवेल याचा विचार करायला त्यांच्याकडं धीर नव्हता.

भागीरथेची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून तीच चालवते. दिवाळीच्या दिवसांत सगळ्या गावाच्या चकलीची भाजणी आणि करंजीचा रवा तिच्या हाताखालून जातो. भुवया पांढऱ्या, केस पांढरे, आणि बोलणं मोठ्यानं, कारण गिरणीच्या घरघरीत हळू बोललेलं कोणाला ऐकू येत नाही. घरातही ती तशीच बोलते.

"बस भाऊ! दिवा लावतो, ओवाळतो, अन् मंग उपास सोड! पुरणाची पोळी केली, करंज्या हायेत, लाडू हायेत, अन् अनारसे बी!" असं आतून ओरडून ती दिव्याला तूप घालायला गेली.

वामनराव ओसरीतल्या बाजेवर टेकले. बाजेवर, त्यांच्या हाताशीच, आल्यागेल्यासाठी फराळाचं एक ताट झाकून ठेवलं होतं. आता खरं सांगायचं तर त्यांना भूक नव्हती. भूक सकाळीच दर्यापुरात राहिली होती. पण मनात पुरणपोळीची काळजी, साखरेची काळजी, सोमवारची काळजी, आणि काळजीत माणसाचा हात रिकामा राहत नाही. हात झाकणाखाली गेला, चकली घेऊन आला, आणि तोंडात घालून मोकळा झाला.

चकलीचं एक आहे. ती गुपचूप खाता येत नाही.

आतला आवाज थांबला. गिरणीत जन्म काढलेल्या भागीरथेला बाकी सगळं कमी ऐकू येतं म्हणतात. ती निरांजन घेऊन दारात आली. वामनरावांच्या तोंडात अर्धी चकली होती. ती चावावी तर आवाज, आणि टाकून द्यावी तर अन्न.

"भाऊ," भागीरथा म्हणाली, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाली. "सुटला का गुरुवार?"

वामनरावांनी चकली चावली. दुसरं काय करणार?

"नव्हताच," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाजरगवताचं, साखरेचं, सोमवारचं, गेल्या वर्षी परत पाठवल्याचं, डॉक्टर सुटीवर नव्हते त्याचं. भागीरथा ऐकत उभी होती. निरांजनातली वात वाकडी झाली, तिनं ती बोटानं सरळ केली.

"म्हणजे त्या गाजरगवताचं सारं अंजनगावले ठाऊक," ती म्हणाली, "जीपमधल्या माणसायले ठाऊक, अन् आम्हाले सांगतलं काय, का डॉक्टर सुटीवर?"

"बाईले वाईट वाटलं असतं."

"बाईले वाईट वाटून राहू दे ना! मायी बहीण हाये, मले माहीत हाये, तिले दोन दिवस वाटते. तुया डोळा आयुष्यभर हाये." तिचा आवाज पुन्हा गिरणीतला झाला. "अन् एवढं खोटं बोलून खाल्लं काय? साबुदाणा! शिंगाडा! रताळं! अरे, जेवला असता तं कमी चढली असती साखर!"

हे मात्र वामनरावांनी ध्यानात घेतलं नव्हतं.

भागीरथेनं ओवाळलं. ते काही राहू दिलं नाही. मग आत गेली आणि ताट घेऊन आली. वामनरावांनी ताटावर हात फिरवला, कारण दिव्याच्या उजेडात त्यांना ताटातलं नीट दिसत नव्हतं, आणि भागीरथेनं ते पाहिलं. ताटात मेथीची भाजी होती, लहानशी भाकर, ताक, आणि एका कडेला एक करंजी.

"पुरणपोळी?"

"शेजाऱ्याकडे गेली. एकच करंजी भेटते तुले. पण नुसती गिळायची नाही. खाऊन मले सांग, त्यात काय काय हाये."

"आता काय परीक्षा घेतं का वं?"

"हाव. घेतो."

वामनरावांनी करंजीचा तुकडा तोडला. सवयीनं दोन घासांत संपणारी करंजी, पण समोर परीक्षक बसला होता. ते चावत राहिले. "खोबरं," ते म्हणाले. "भाजलेलं." भागीरथेनं मान हलवली. "खसखस हाये." आणखी एक तुकडा. "वेलची. चारोळी लागली दाताखाली." ते थांबले. काहीतरी आणखी होतं, जिभेच्या मागच्या बाजूला, गोडाच्या नंतर येणारं. त्यांनी डोळे मिटले. तसंही उघडे ठेवून काही मिळत नव्हतं. "जायफळ," ते म्हणाले. "जायफळ घातलं का तू?"

भागीरथेनं ताकाची वाटी त्यांच्याकडं सरकवली.

"लगन झालं तवापासून घालतो," ती म्हणाली. "दर भाऊबीजेले आठ आठ, दहा दहा खाऊन गेला तू. कवा जायफळाचं नाव नाही काढलं. मले वाटे, माया भाऊ करंज्या खात नाही, नुसत्या मोजून संपवतो."

वामनरावांनी शेवटचा तुकडा तोंडात घातला आणि तो त्यांना लगेच संपवावासा वाटला नाही.

"बाईपेक्षा चांगली हाये का?" भागीरथेनं विचारलं.

"मले झोप येऊन राहिली," वामनराव म्हणाले.

भागीरथेनं तोवर पार्बताबाईंना फोन लावला होता. सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि आपल्या आवाजात. पलीकडं पार्बताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग एवढा शिरा गोदीनं कायले केला?" आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं त्यांचाच पुन्हा आला.

"वामन, गेल्या साली मायाच लाडवानं परत आला का रे तू?"

"नाही बाई. डॉक्टर सुटीवर होते."

"खोटं बोलून राहिला."

"हाव."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग पार्बताबाई म्हणाल्या, "उद्या मैनेले सांगतो, तुले भात देऊ नको."

त्या दिवसापासून सोमवारपर्यंत वामनरावांचं ताट तीन तालुक्यांतून पाहिलं जात होतं. सकाळी पार्बताबाई मैनाबाईला विचारत, काय देल्लं. दुपारी गोदाबाई विचारत, किती देल्लं. भागीरथा थेट वामनरावांनाच विचारायची, कसं लागलं, आणि नुसतं चांगलं म्हटलेलं तिला चालत नव्हतं. "भाकर ज्वारीची होती का मिसळीच्या पिठाची? तव्यावरची का चुलीतली? सांग." सांगायचं म्हणून वामनरावांना चावावं लागे, आणि चावायचं म्हणून सावकाश खावं लागे. सावकाश खाताना पहिल्या भाकरीतच पोट भरतं हे त्यांना या वयात कळलं. मैनाबाईच्या वांग्याच्या भाजीत कधी कधी मीठ जरा जास्त पडतं हेही कळलं. ते त्यांनी सांगितलं नाही. सगळंच सांगायचं नसतं. बाकी वेळ ते मळ्याच्या बांधानं चकरा मारत, गोळी वेळेवर घेत, आणि घरात उरलेल्या शंकरपाळ्यांच्या डब्याकडं पाठ करून बसत. तेवढं सोपं होतं. दिसतच नव्हतं.

सोमवारी अकोल्याला मैनाबाई बरोबर होती. बोटाला सुई टोचली. मशीनचा आकडा वामनरावांना वाचता येत नव्हता, म्हणून ते कान देऊन बसले, नर्सबाई दुसऱ्या नर्सबाईला हाक मारते का ते ऐकत. तिनं कोणालाही हाक मारली नाही. नुसती म्हणाली, "चला काका, कपडे बदला."

मैनाबाईनं खुर्चीचा हात घट्ट धरला होता तो सोडला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. आधी पडद्याचा निळा रंग आला, मग पंख्याची पाती, मग डॉक्टरीणबाईचं तोंड, आणि ते तर आवाजापेक्षाही लहान होतं. मग दाराशी तिघी बहिणी. मधे उभ्या असलेल्या पार्बताबाईंकडं वामनराव पाहतच राहिले.

"बाई, केस कवा पिकले तुये?"

"तू पाह्यत नव्हता तवा," पार्बताबाई म्हणाल्या. "बाजारात बसशील ना आता? गवत बांधणार नाहीस ना?"

"बसू द्या पुढच्या बाजारी," मैनाबाई म्हणाली. "पण तराजू मी धरीन. हे जुड्या देतील."

वामनरावांना तेवढंही पुष्कळ होतं.

मग पार्बताबाईंनी पिशवीतून डबा काढला. भागीरथेनं कपाळाला हात लावला. गोदाबाई म्हणाल्या, "बाई, तुले फोनवर काय सांगतलं होतं?"

"मले सारं समजते. डॉक्टरीणबाईनं थोडं म्हणलं ना? थोडंच आणलं. एकच हाये." त्यांनी झाकण काढलं.

एकच लाडू होता. पण डबा त्यानं भरला होता. शेजारच्या खाटेवरचा पेशंट, त्याचीही पट्टी तेवढ्यातच निघाली होती, तो उठून बसला आणि पाहू लागला.

वामनरावांनी लाडवाकडं नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी बहिणीचा लाडू असा कधी पाहिला नव्हता. आला की तोंडात जायचा, मग दुसरा यायचा. त्याच्या कडेनं बदामाचे काप दिसत होते, आणि मधे काहीतरी सोनेरी फुललेलं. त्यांनी बोराएवढा तुकडा मोडला आणि तोंडात ठेवला. पार्बताबाई खाटेच्या कडेला बसून त्यांच्या जबड्याकडं बघत होत्या. गोदाबाई बघत होत्या. शेजारचा पेशंटही बघत होता.

"डिंक," वामनराव म्हणाले. "तुपात तळलेला. अन् बाई, यात उडदाचं पीठ हाये का?"

पार्बताबाईंनी पदर सारखा केला. गोदाबाईंकडं पाहिलं, भागीरथेकडं पाहिलं.

"अजून एक तुकडा घेऊ का?" वामनरावांनी विचारलं.

पार्बताबाईंनी डब्याला झाकण लावलं.

"पुरे," त्या म्हणाल्या.